एक वाफ येऊ दे

"वर चीर दिली होतीस ना? मग हा इथून कशाला फुटला?"

आई ओव्हनसमोरच्या तिच्या स्टुलावर बसली होती. मी हातमोजे घालून गरम ब्रेड जाळीवर उतरवत होते. तिनं बोटानं दाखवलं तिकडे मी पाहिलं. वरची चीर मी ब्लेडनं एका दमात घातली होती, तिरकी आणि चांगली पाव इंच खोल. ती जेमतेम उघडून तिथल्या तिथे सुकली होती, झोप अनावर झालेल्या माणसाच्या पापणीसारखी. आणि तळापासून दोन बोटं वर, जिथं ब्लेडचा स्पर्शही झाला नव्हता, तिथं ब्रेड आडवा फुटला होता. आतला पांढरा भाग ओबडधोबड बाहेर येऊन तसाच भाजला गेला होता. "वाफ कमी पडली," मी म्हटलं. "कसली वाफ?" "लागते ब्रेडला. सुरुवातीला." आईला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, पण हे तिला नीट ऐकू आलं होतं. ती "बरं" म्हणाली. उत्तर पोचलेलं नसतं आणि पुन्हा विचारायचंही नसतं, तेव्हा ती असंच "बरं" म्हणते.

ते "बरं" माझ्या डोक्यातून जाईना.

रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी स्वयंपाकघरात दिवा लावून त्या ब्रेडपुढे बसले. वरच्या कवचावरून बोट फिरवलं. रंग होता, पण तजेला नव्हता. पीठ सांडून पुसून घेतलेल्या ओट्यासारखा निस्तेज, किंचित खरखरीत पृष्ठभाग. फुटलेल्या जागी मात्र बोट मऊ खळग्यात जायचं. "वाफ कमी पडली" हे मी कुठंतरी वाचलेलं वाक्य आईच्या हातात ठेवून मोकळी झाले होते. ते खरंही होतं, पण त्यातून तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. तिनं विचारलं होतं की वाट वर करून दिलेली असताना तो बाजूनं का फुटला. मी मनातल्या मनात त्या गोळ्याबरोबर ओव्हनमध्ये शिरले. कणकेचा थंडगार गोळा २३०-२४० अंशांच्या कोरड्या हवेत जातो. आतल्या यीस्टला आधी ऊब लागते आणि ते नेटानं कामाला लागतं. साठ अंशांच्या आसपास ते मरतं, तोवर त्याची शेवटची धांदल चालू असते. कणकेत विरघळलेला वायू सुटा होतो, आधीच्या बुडबुड्यांतली हवा तापून फुगते, पाण्याची वाफ होऊ लागते. हे सगळं पहिल्या दहा-बारा मिनिटांत. म्हणजे आत वाढायची घाई, आणि बाहेर कोरड्या हवेनं वरची त्वचा तेवढ्यातच वाळवून ताठ केलेली. चीरही त्या त्वचेचाच भाग, तीही वाळते. मग आतला जोर जिथं अजून ओल आहे, जिथं कवच अजून धरलेलं नाही, तिकडे जातो. बहुतेकदा ती जागा खाली असते, तळाजवळ.

म्हणजे मी दिलेली वाट बंद झाली होती, इतकंच. ती उघडी राहावी म्हणून वाफ लागते.

आमच्या स्वयंपाकघरात वाफ हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकत असणार. "झाकण ठेव, एक वाफ येऊ दे" हे आईचं ठरलेलं वाक्य. किती वेळ, ते कधीच नाही सांगायची. एक वाफ म्हणजे एक वाफ, ती वेळेत मोजायची नसते, झाकणाच्या कडेनं ओळखायची असते. आणि फुकट बडबड चालली की "तोंडची वाफ दवडू नका". मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा पातेल्याचं झाकण माझ्याकडे तोंड करून उघडलं. मनगटावर आतल्या बाजूनं पांढरा फटका बसला. आगीनं भाजतं तसं ते वाटलंच नाही, आधी नुसतं ओलं वाटलं, आणि मग जे सुरू झालं ते रात्रभर. आईनं नळाखाली माझा हात धरून ठेवला होता आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचलायची, आपल्यापासून लांब. पुढे शाळेत अप्रकट उष्मा शिकवला तेव्हा मला ते मनगट आठवलं. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत न्यायला शंभर कॅलरी पुरतात. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी वाफ व्हायला ५४० कॅलरी घेतं, तापमान एका अंशानंही न वाढवता. आणि ती वाफ एखाद्या गार जागी टेकून परत पाणी झाली की घेतलेलं सगळं तिथंच सोडते. माझ्या मनगटावर तिनं तेच केलं होतं.

ओव्हनमध्ये ती कणकेवर तेच करते, फक्त तिथं ते हवं असतं. बाहेर ठेवलेला, किंवा रात्रभर फ्रीजमध्ये मुरलेला गोळा त्या गरम डब्यातली सगळ्यात गार वस्तू असतो. वाफ धावत जाऊन त्याच्यावरच बसते, पाणी होते आणि एक पातळ ओलसर थर मागे ठेवते. त्या थरामुळे त्वचा लवचीक राहते, ताणली जाते, चीर फाकते. शिवाय कवचातलं पिष्ट त्या पाण्यात फुगून विरघळतं, खळीसारखं होतं, आणि पुढे वाळलं की त्याचाच तो काचेसारखा तजेला. माझ्या ब्रेडवर जे नव्हतं, ते हेच. खळ म्हटलं की बाबा आठवतात. बाबा रविवारी कपड्यांना इस्त्री करायचे. शेजारी पाण्याची वाटी. बोटं बुडवून शर्टावर शिंपडायचे आणि इस्त्री टेकवली की चर्र असा आवाज यायचा आणि कापडाचा तो ओला, उबदार वास. मला शिंपडायचं काम द्यायचे कधीकधी. "आधी भिजलं पाहिजे. कोरड्यावर इस्त्री फिरवलीस तर चुणी कायमची बसेल," असं म्हणायचे. बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांची जी काही वाक्यं माझ्याकडे उरली आहेत त्यातली बरीचशी अशी कामाच्या मधली आहेत.

खरं तर वाफेचा प्रश्न सोडवायचा सोपा रस्ता मला आधीपासून माहीत होता. झाकणाचं जड बिडाचं भांडं ओव्हनमध्ये पाऊण तास तापवायचं, त्यात गोळा सोडायचा, झाकण लावायचं. वीस मिनिटांनी झाकण काढायचं. बाहेरून पाणी घालायची गरजच नाही, कणकेतून निघणारी वाफ त्या एवढ्याशा जागेत कोंडून राहते आणि काम करते. २००६ मध्ये न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची न मळता करायच्या ब्रेडची कृती 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आली आणि तेव्हापासून घरोघरी बेक करणाऱ्यांनी हे भांडं जे उचललं ते खाली ठेवलेलं नाही. मी हिशोब करून पाहिला होता. पाच लिटरच्या भांड्यात २३० अंशांना मावते ती वाफ साधारण सव्वादोन ग्रॅम पाण्याची. अर्धा लहान चमचा! माझा ८७० ग्रॅमचा गोळा भाजून निघतो तेव्हा ७५० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे सव्वाशेक ग्रॅम पाणी तो स्वतःच सोडतो. भांड्याला त्यातलं सुरुवातीचं थोडंसंच पुरतं. झाकण उचलायचा तो क्षणही मला फार आवडतो. फिकट, फुगलेला, ओलसर चकाकणारा गोळा, रंग अजून यायचा आहे आणि आकार मात्र पुरता आलेला.

पण भांड्याला काच नसते.

आई इथं राहायला आली तेव्हा तिनं माझ्या घरातल्या कुठल्याच गोष्टीत रस घेतला नाही. खोली छान आहे म्हणाली, खिडकी छान आहे म्हणाली, आणि दिवसभर खुर्चीत बसून राहू लागली. एका संध्याकाळी मी एक साधा ब्रेड, भांड्याबिंड्याशिवाय, नुसता ट्रेवर टाकून ओव्हनमध्ये ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर आई खाली वाकून, गुडघ्यांवर हात टेकून काचेतून आत बघत होती. "अगं, हा वाढतोय," म्हणाली. आवाजात काहीतरी होतं जे मी बरेच महिने ऐकलं नव्हतं. मी स्टूल आणून दिलं. तेव्हापासून ते स्टूल तिथंच आहे. ब्रेड आत गेला की ती डावा कान माझ्याकडे येईल असं बसते आणि बघत राहते. आतल्या पिवळ्या दिव्यात गोळा आधी पसरतो, क्षणभर वाटतं बसलाच, मग कडा वर उचलतात आणि तो चढायला लागतो. ती मला ओरडून सांगते, आता इथं आला, आता वरच्या जाळीला लागेल बघ. बिडाचं भांडं काढलं तर ब्रेड उत्तम होईल आणि आई पंचेचाळीस मिनिटं एका काळ्या भांड्याकडे बघत बसेल. ते मला नको होतं. मला काचेपलीकडे, उघड्यावर, वाफ हवी होती.

आधी खात्री करून घेतली की दोष वाफेचाच आहे. कारण कणीक पुरेशी फुगायच्या आत भाजली तरी ब्रेड असाच बाजूनं फुटतो आणि दोन्ही फुटणी दिसायला सारख्याच. एकाच कणकेचे दोन गोळे केले, एकाच टोपलीच्या मापाचे, एकाच वेळी फुगवलेले. दोन्हींना सारखी चीर. ट्रेवर शेजारी शेजारी ठेवले आणि एकावर स्टीलचं पातेलं पालथं घातलं. पंधरा मिनिटांनी पातेलं काढलं. आईला तोवर एकच गोळा दिसत होता, त्यामुळे ती त्या उघड्याच्याच बाजूनं होती. पातेल्याखालचा बाहेर आला तेव्हा ती गप्प झाली. त्याची चीर अशी फाकली होती की एक कड वर उचलून उभी राहिली होती. बेकर लोक त्याला कान म्हणतात. शेजारचा नेहमीसारखा, मिटलेला, डाव्या कुशीला फुटलेला. एक पीठ, एक मीठ, एक ओव्हन. मध्ये फक्त एक पातेलं.

मग सुरू झालं ते तीन-चार महिने चाललं. स्प्रेची बाटली सगळ्यांत आधी हाती आली. दार उघडून फवारा मारायचा, बंद करायचं, दोन मिनिटांनी पुन्हा. एक तर दार उघडलं की होती नव्हती ती वाफ तोंडावर येऊन निघून जाते. आई म्हणालीच, "तू आत घालतेस त्यापेक्षा बाहेर जास्त येतंय." दुसऱ्याच खेपेला फवारा आतल्या दिव्यावर गेला आणि दिवा टक् करून फुटला. काचेचे तुकडे ट्रेवर, त्यावर ब्रेड, सगळं टाकून द्यावं लागलं. नवा दिवा मिळेपर्यंत आठ दिवस ओव्हनमध्ये अंधार. आई तेव्हाही स्टुलावर बसली, विजेरी घेऊन. तेव्हापासून पाण्याचं काही करायचं असलं की मी दाराच्या काचेवर आधी एक जाड कोरडा टॉवेल अंथरते. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडला तर ती तडकू शकते, आणि ती काच म्हणजे आईची खिडकी.

नंतर ट्रे. ओव्हनबरोबर आलेला पातळ ट्रे खालच्या जाळीवर तापवायचा आणि ब्रेड आत ठेवताना त्यात पेलाभर पाणी ओतायचं, असं जवळपास प्रत्येकजण सांगतो. मीही तसंच करत होते, आणि तो पहिला फुटका ब्रेड याच पद्धतीचा होता. पाणी ओतलं की चर्र व्हायचं, ढग यायचा, समाधान व्हायचं. पण अर्ध्या तासानंतरही ट्रेमध्ये पाणी शिल्लक असायचं. या शिल्लक पाण्यावर माझं लक्ष जायला इतके दिवस का लागले कुणास ठाऊक. वहीत आकडे मांडले तेव्हा उलगडलं. चारशे ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा ट्रे २३० अंशांवरून शंभरावर येईपर्यंत जी उष्णता देतो तिच्यात फार तर वीस-एकवीस ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होते. तो चर्र आवाज तेवढ्याचा. उरलेलं पाणी मग ओव्हनच्या जिवावर हळूहळू उकळत बसतं. पेलाभर, म्हणजे अडीचशे ग्रॅम पाण्याची पुरती वाफ करायला दोन हजार वॅटच्या ओव्हनची जवळजवळ पाच मिनिटांची सगळी उष्णता खर्ची पडते, आणि तीही नेमकी त्या पाच मिनिटांत, जेव्हा ब्रेडला तिची सगळ्यात जास्त गरज असते. मी गोळ्याच्या तोंडचा घास काढून ट्रेला देत होते. बर्फाचे खडे टाकावेत असंही सांगतात. त्यात दार बंद करायला सवड मिळते हे खरं, पण बर्फ वितळायलाच ग्रॅममागे ऐंशी कॅलरी, मग तापायला शंभर, मग ती ५४०. उकळतं पाणी हाताशी असताना मला ते पटलं नाही.

आणि लागतं तरी किती? साठ लिटरचा ओव्हन २३० अंशांना काठोकाठ वाफेनं भरायला सव्वीस ग्रॅम पाणी पुरतं. दोन मोठे चमचे! मी हा आकडा तीनदा तपासला. मग सगळा घोळ वाफ टिकण्याचा आहे. घरचा ओव्हन गळका असतो आणि तो तसाच बनवलेला असतो. दाराच्या कडा, मागची झडप. गॅसच्या ओव्हनला तर जळालेला वायू बाहेर सोडावाच लागतो, त्याच्याबरोबर वाफही जाते. पंखा चालू असला तर तो कोरडी हवा गोळ्यावर सतत फिरवत राहतो, म्हणून पहिली पंधरा मिनिटं पंखा बंद. मोठ्या भट्ट्यांचं निराळं. विटांची भट्टी ओल्या फडक्यानं पुसून घेतात, आणि पन्नास-साठ गोळे एकदम आत गेले की त्यांचीच वाफ एकमेकांना पुरते. १८३०च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. पूर्वी तो तोफखान्यात अधिकारी होता. त्याच्या वाफेच्या भट्टीतून निघणारं चकचकीत कवच पॅरिसच्या बेकरांनी बघून बघून उचललं. त्सांग पुढे बेकरी सोडून व्हिएन्नाला परतला आणि १८४८ मध्ये त्यानं तिथं 'दी प्रेसे' हे वर्तमानपत्र काढलं. मला त्याच्याबद्दल वाचताना एकटा गोळा आणि पन्नास गोळे याचाच विचार येत राहिला. घरच्या ओव्हनमध्ये एकच गोळा असतो. त्याची वाफ त्याला पुरत नाही, कुणीतरी बाहेरून द्यावी लागते.

इथं मला ते लिहायला हवं जे मी या सगळ्या महिन्यांत आकडेमोड करताना बाजूला सारत होते. बाबा गेले तेव्हा आई रडली नाही. एकदाही नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, कागदपत्रं शोधली, बँकेत सह्या केल्या, बाबांचं कपाट आठ दिवसांत रिकामं केलं. सगळे म्हणाले, काय खंबीर आहेत. मीही म्हणाले. फोनवर दादाला सांगितलं, "आई एकदम खंबीर आहे, काळजी नको करूस." ते म्हणताना मला किती हलकं वाटलं होतं ते मला आठवतं. ती खंबीर असण्यात आमची सोय होती. बरोबर तीन महिन्यांनी मी तिच्याकडे गेले होते तेव्हा एका पातेल्याचं झाकण बसेना. दुसऱ्याच पातेल्याचं होतं ते, साधी अदलाबदल झालेली. तिनं दोनदा दाबून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा झाकण ओट्यावर आपटलं आणि खाली फरशीवर बसली. मग ती जे रडली त्यात बाबांचं नाव एकदाही नव्हतं. झाकण, झाकण, कोणी बदललं झाकण. मी शेजारी बसून तिची पाठ चोळत राहिले. मला तेव्हा मनातून थोडा रागही आला होता, की एवढ्याशा गोष्टीवरून काय.

"मग हा इथून कशाला फुटला?"

बिडाचा जड तवा मला भांडी लावताना सापडला, मागे ढकलून दिलेला. वजन केलं, तीन किलोला थोडा कमी. तीन किलो बीड त्याच १३० अंशांच्या उतारात ऐंशी ग्रॅम पाण्याची झटक्यात वाफ करू शकतं, ट्रेच्या चौपट, आणि ओव्हनकडे हात न पसरता. काहीजण तव्यात लाव्हाचे सच्छिद्र दगड घालतात, पृष्ठभाग वाढवायला. चालतं, पण नदीतले गोटे कुणी घालू नयेत, त्यांच्या पोटात पाणी असलं तर तापून फुटतात. मी दगडांच्या वाटेला गेले नाही. त्याऐवजी शेजारी दुसरं भांडं ठेवलं. जुन्या सुती टॉवेलाच्या दोन घट्ट सुरळ्या, एका छोट्या ट्रेमध्ये, उकळत्या पाण्यात ओल्याचिंब. हे ब्रेडच्या पंधरा मिनिटं आधी आत जातं. टॉवेल मंद वाफ देत राहतात, गळती भरून काढतात. तव्याचं काम फक्त पहिल्या धक्क्याचं. केटल लांब चोचीची, म्हणजे हात दारापासून दूर राहतो. ऐंशी ग्रॅम पाणी, उकळतं, आधीच मोजलेलं. काचेवर टॉवेल, गोळा आत, पाणी तव्यावर, काचेवरचा टॉवेल बाहेर, दार बंद. पाच-सहा सेकंदांत.

त्या दिवशी आवाज वेगळा आला. चर्र असा नाही, खोल, घशातून आल्यासारखा एकच हुंकार, आणि तवा कोरडा. काच क्षणभर धुरकटली आणि पुन्हा स्वच्छ झाली. "गेली वाटतं," आई म्हणाली. मी म्हटलं, "नाही गेली. खरी वाफ दिसत नाही. आपल्याला दिसतो तो ढग म्हणजे तिचं पाणी झालेलं असतं. आता आत आहे ती." मग मी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या डाव्या बाजूला बसले आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, सगळं, पहिल्यापासून. वरची कातडी आधी वाळली तर आतल्याला जायला जागा राहत नाही. मग तो जिथून जमेल तिथून निघतो. वाफ असली की ती थोडा वेळ ओली राहते. आई काचेकडेच बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थोडाच वेळ?" "पंधरा मिनिटं. नंतर काढून टाकायची, नाहीतर रंग येत नाही." कवच वाळून १४० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ती तपकिरी खरपूस भाजणी सुरूच होत नाही, ज्या अभिक्रियेला १९१२ मध्ये मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं वाट दाखवली आणि जिला आज त्याचंच नाव आहे. हे मी तिला सांगितलं नाही. कारण तेवढ्यात गोळ्याची कड उचलली होती.

चीर हलली. आधी नुसती रेघ चमकली, मग ती मधून रुंद झाली, तिच्या आतला कोवळा, ओलसर भाग वर आला, आणि वर येता येता एक कड हळूच मागे कलून उभी राहू लागली. इतकी सावकाश की बघताना हललेली दिसत नाही आणि डोळे मिटून उघडले की पुढे गेलेली असते. आईनं माझा दंड धरला होता. बाजू गुळगुळीत, ताणलेली, कुठेही न फुटलेली. पंधराव्या मिनिटाला मी तिला मागे सरकायला सांगून दार उघडलं, तोंड बाजूला करून. दाटलेली गरम लाट बाहेर आली आणि आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. मी टॉवेलांचा ट्रे आणि तवा बाहेर काढला, तापमान २२० वर आणलं, पंखा लावला. आई चष्मा काढून हातात धरून बसली होती, पुसत नव्हती.

अर्ध्या तासानं ब्रेड जाळीवर आला. गार हवा लागली की पातळ, ताठ कवच आक्रसतं आणि त्याला बारीक बारीक तडे जातात, त्याचा आवाज येतो, सुकलेल्या पानांवरून मुंगी चालली तर येईल असा. मी म्हटलं, "आई, ऐक." तिनं मान हलवली, काही नाही. मग उठली, ओट्याला दोन्ही हात टेकवून वाकली आणि डावा कान ब्रेडजवळ नेला, इतका जवळ की मला तिच्या केसांची काळजी वाटली. मी हात पुढे करून तिचे केस मागे धरले. "हं," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली.